व्हेर्साकच्या किल्ल्यातली तिसरी आगटी

ओनोरे दलमास कुणाच्याही घरी गेला की आधी माणसांकडे नाही, आगटीकडे बघायचा. लग्नाची बोलणी करायला तो जोसेतच्या घरी गेला, तेव्हा तिच्या वडिलांचा पुढे आलेला हात त्याला दिसलाच नाही. तो सरळ भिंतीतल्या आगटीपाशी जाऊन वाकला, धुराड्यात डोकं घातलं आणि तिथूनच विचारलं, हे धूर नीट ओढतं का? वडिलांना वाटलं, पोरगा अर्धवट आहे. जोसेतला वाटलं, निदान घर तरी उबदार ठेवील. दोघांचंही खरं ठरलं, असं ती आजही सांगते.

धंदाच तसा होता. धुराडी साफ करायचं काम त्यानं मामाकडून घेतलं. मामाच्या काळी दोरीला काटेरी झुडपाची मोळी बांधायचे. एक जण छपरावर, एक जण खाली, आणि मोळी वरखाली ओढायची. ओनोरेनं पुढे पोलादी ब्रश आणले, छोटी गाडी घेतली, तिच्यावर शिडी बांधली आणि आसपासच्या सगळ्या खोऱ्यातली धुराडी हाताखालून घातली. कुठल्या घरात ओलं लाकूड जाळतात, कोण कंजूषपणे नुसती धग ठेवतं, कोणी जुनी पत्रं जाळली, कुठल्या घरातली म्हातारी आता एकाच खोलीत राहायला लागली आहे, हे त्याला काजळीवरून कळायचं. बोलायचा मात्र फारसं नाही. दोन पेले पोटात गेल्यावर बोलायचा, आणि मग जोसेत टेबलाखालून पाय मारायची.

एकाच धुराड्यापाशी त्याचं घोडं अडलं होतं, आणि ते होतं किल्ल्यात.

किल्ला आमच्या गावाच्या डोक्यावर आहे. किल्ला म्हणायचं ते सवयीनं. उरलंय काय, तर दोन बुरूज, त्यातला एक अर्धा, आणि मोठ्या दालनाची एक उंच उभी भिंत. बाकीचा किल्ला खाली गावात आहे: चर्चच्या पायऱ्यांत, डुकरांच्या गोठ्यांत, मादाम प्युएशच्या स्वयंपाकघरात. सरदार-उमरावांचा जमाना बुडाला तेव्हा आमच्याच खापरपणजोबांनी वर जाऊन तुळया उतरवल्या, दगड गाडीत भरले, आणि त्या दगडांच्या घरांत बसून आता आम्ही पडझडीबद्दल हळहळतो. उन्हाळ्यात बाहेरगावची माणसं येतात, टोप्या घालून वर चढतात, मान मागे टाकून बघतात आणि राणी कुठे झोपायची ते विचारतात. ओनोरेला राणीचं काही पडलेलं नव्हतं.

त्या उभ्या भिंतीत एकावर एक अशा तीन आगट्या आहेत. मजल्यांच्या जमिनी केव्हाच गेल्या, आगट्या राहिल्या, हवेत टांगलेल्या. खालच्या दोन माणसाला कळतील अशा आहेत. तिसरी सगळ्यांत उंच, सगळ्यांत मोठी, आणि ओनोरेच्या लहानपणापासून वेलीच्या जाळ्यात बुडालेली. वेलीतून करड्या मानेचे कावळे आतबाहेर करायचे. एवढ्या उंचावर, एवढ्या मोठ्या तोंडाची आगटी, वर डोंगराचा वारा. अशा जागी धूर वर जाईल की उलटा दालनात येईल? ज्यानं बांधली त्यानं वाऱ्याचा हिशेब कसा केला असेल? शाळेत असताना त्याला हा प्रश्न पडला, आणि म्हातारा झाला तरी तो सुटला नाही.

गावाला असला प्रश्न नव्हता, गावाकडे उत्तर तयार होतं. एक राजा म्हणे शिकारीत वाट चुकून हिवाळ्याच्या रात्री इथे आला, आणि तिसऱ्या आगटीत त्याच्यासाठी अख्खा बैल भाजला. कुठला राजा, ते दर पिढीत बदलतं. बैल तोच आहे. ऑगस्टच्या जत्रेत याच गोष्टीचं सोंग होतं, गावकरी झगे घालतात, आणि राजा होण्यावरून दरवर्षी भांडण होतं.

दोन वर्षांमागे ओनोरे बेकरीच्या छपरावरून घसरला. खुबा मोडला. डॉक्टरनं सांगितलं, आता शिडी बंद. जोसेतनं डॉक्टरवर भरवसा ठेवला नाही, शिडीच भाच्याला देऊन टाकली. मग ओनोरे लोकांच्या घरी नुसता बसायला जाऊ लागला, खुर्ची आगटीपाशी ओढून, आणि यजमानाला लाकडं कशी रचायची ते सांगू लागला. लोकांना त्याचा कंटाळा यायला लागला होता, ते त्यालाही कळत होतं.

अशात त्या उन्हाळ्यात किल्ल्याच्या भिंतीला परांची लागली. भिंत पोटातून फुगत चालली होती, म्हणून सरकारी मदत आली, आणि तेशेरा नावाचा पोर्तुगीज गवंडी चार माणसं घेऊन आला. त्यानं पहिल्यांदा वेल कापली. वेलीची सुकलेली जाळी पाऊलवाटेच्या कडेला ढिगानं पडली आणि तिसरी आगटी उघडी झाली. ओनोरे रोज काठी टेकत वर जायचा आणि खाली उभा राहून बघायचा. खालून दिसायचं ते आगटीचं काळोखी तोंड, बाकी काही नाही. एक दिवस त्यानं तेशेराला सहज विचारलं, वरच्या धुराड्याचं काय करणार? तेशेरा म्हणाला, पावसाचं पाणी त्यातून भिंतीत मुरतं, भिंत फुगते ती त्यानंच. सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी वर दगडाची लादी बसवून चुन्यानं कायमचं बुजवणार.

ओनोरेला त्या रात्री जेवण गेलं नाही. कायमचं बुजवणार म्हणजे प्रश्नही बुजणार. ते धूर ओढतं की नाही हे मग कुणालाच कधी कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मेयरबाईंकडे गेला. मेयर म्हणजे मिरेय रूकेत. तिच्या आजोबांचं धुराडं ओनोरेनं साफ केलेलं, ती तेव्हा खाली बसून काजळी गोळा करून स्वतःला मिशा काढायची. त्यानं सांगितलं, मला वर जाऊन फक्त एक जाळ करू दे, अर्धा तास. मिरेयनं ऐकून घेतलं आणि विम्याचं पुराण काढलं. परांचीवर गवंड्यांखेरीज कुणी चढायचं नाही, जुन्या भिंतीत आग लावायची नाही, आणि खुबा मोडलेल्या म्हाताऱ्यानं तर दोन्ही करायचं नाही.

"दलमासबाबा, आज तुम्हाला परवानगी दिली तर उद्या अख्खं गाव सॉसेज घेऊन वर चढेल," ती म्हणाली. "आणि तुम्ही पडलात तर जोसेत मला जिवंत ठेवील का?"

जोसेतनं तिला ठेवलं नसतंच, हे त्यालाही माहीत होतं.

मग त्यानं सरळ मार्ग सोडला. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला आगीचा भोंगा वाजवून बघतात, चालतोय की नाही म्हणून. त्या भोंग्याला कुणी ढुंकून विचारत नाही. उलट तो ऐकला की लोक हात धुऊन टेबलाशी बसतात. बारा ते दोन व्हेर्साकात माणूस मरायलासुद्धा थांबतो. गवंडीही खाली कॅफेत जेवायला येतात, ते तर साडेअकरालाच. लादी गुरुवारी बसणार होती. म्हणजे बुधवारची दुपार एवढीच त्याच्या हातात होती, आणि धूर बघून कुणी भोंगा वाजवलाच, तर तो ऐकून गाव जेवायलाच बसणार होतं.

बुधवारी त्यानं जुना कामाचा कोट घातला आणि जोसेतला सांगितलं, मादाम प्युएशच्या शेंगा बघून येतो.

जोसेत कांदे चिरत होती. तिनं वर न बघता विचारलं, "शेंगा बघायला ब्रश लागतो?"

"असू दे बरोबर."

"खुंटीवर दोरी आहे. कमरेला बांध, आणि दुसरं टोक कशाला तरी बांध. तुझ्या डोक्यात दुसरं काही शिरणार नाही, ते मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे." मग सुरी थांबवून म्हणाली, "पडलास तर घरी येऊ नकोस."

तो दोरी घेऊन निघाला. वाटेत वेलीच्या सुक्या ढिगातून एक भारा बांधून घेतला आणि गवंडी उतरेपर्यंत ढिगाआड थांबला. परांचीच्या पायऱ्या सोप्या होत्या, खुबा सोपा नव्हता. पहिल्या आगटीपाशी तो थांबला, धापेपेक्षा जुन्या सवयीनं, आणि हात आत घालून बघितला. शेकडो वर्षांच्या पावसानंतरही आतला दगड काळा होता, बोटं काळी झाली. दुसरीतही तेच, मागची भिंत तर जाळानं लाल होऊन तडकली होती. पुष्कळ वापरलेली आगटी. त्याला बरं वाटलं, जुनं गिऱ्हाईक भेटावं तसं.

तिसरीपाशी पोचला तेव्हा खाली गवंडी हसत खिदळत कॅफेकडे चालले होते. आगटी एवढी मोठी होती की तो तिच्यात ताठ उभा राहिला. धुराड्यात कावळ्यांनी पिढ्यान् पिढ्या काड्या कोंबल्या होत्या, घरटी रिकामी होती. ब्रशचा दांडा वर घालून त्यानं ती उपसली. काड्या, लोकर, कुणाचा तरी मोजा, सगळं पायांशी पडलं. वर आभाळाचा चौकोन दिसला. मग त्यानं बाही वर केली, हात खांद्यापर्यंत धुराड्यात घातला आणि दगडावरून फिरवून बाहेर काढला.

हात पांढरा होता.

त्यानं दुसरा हात घातला. तोही पांढरा, थोडी धूळ, थोडं शेवाळ. त्यानं खिशातून चाकू काढून सांध्यातला चुना खरवडला. पावसानं वरचं धुतलं तरी सांध्यात काजळी राहतेच. चुना ती पिऊन घेतो, सोडत नाही. इथे चुना आतपर्यंत पांढरा होता. तळाचा दगड त्यानं गुडघ्यावर बसून बघितला. लाल नाही, तडा नाही. छिन्नीचे घाव अजून धारदार. मागची भिंतही तशीच. त्यानं सगळं परत एकदा पाहिलं, कारण आपलंच चुकत असेल असं त्याला वाटत होतं. चुकत नव्हतं. ह्या आगटीत कधी कुणी काडीसुद्धा पेटवली नव्हती. ना राजा, ना बैल. बांधणाऱ्याचे पैसे संपले, की लढाई आली, की मालक मेला, कोण जाणे. हे वरचं दालन थंडच जन्मलं आणि थंडच राहिलं.

ओनोरे आगटीच्या काठावर बसला. खालच्या छपरांतून धूर निघत होता, प्रत्येक धुराडं त्याच्या ओळखीचं. त्याला वाईट वाटलं, आणि राजासाठी नाही. त्याला वाईट वाटलं ते त्या गवंड्याचं, ज्यानं हे तोंड असं रुंद ठेवलं, वरचा गळा असा आवळत नेला, वाऱ्याकडे पाठ करून टोकाला तिरका दगड लावला. इतकं बारीक काम करून बिचारा आपला धूर बघायला थांबला असेल. कुणी लाकडंच आणली नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आगीची राख उपसणाऱ्या माणसाला हे फार लागलं.

आणि तिथेच त्याला पेच पडला. हे दगड कोरे आहेत म्हणूनच ते काही सांगत होते. जाळ केला की दगड काळे होणार, उद्या लादी बसणार, आणि पुढे कुणी हात घातला तर त्यालाही काळंच लागणार. मग ते खरं कळायचा रस्ता बंद. न पेटवता खाली उतरावं, तर धूर ओढतं का, हे राहिलंच. एक कळलेलं राखायचं की दुसरं कळून घ्यायचं? शहाण्या माणसानं खाली उतरून कुणाला तरी वर बोलावलं असतं. पण दुपारचे बारा वाजत आले होते, दोन वाजता तेशेरा येणार होता, आणि ओनोरेचं आयुष्य एका प्रश्नावर बसलं होतं.

खाली भोंगा सुरू झाला. त्यानं काडी ओढली.

थंड धुराडं आधी धूर तोंडावर फेकतं, हे त्याला माहीत होतं. त्यानं खिशातल्या वर्तमानपत्राचा पेटता बोळा ब्रशच्या टोकाला लावून उंच धरला, गळा जरा तापू दिला, आणि मग काड्या आणि वेलीचा भारा पेटवला. वेल वरून सुकी, पोटातून ओली होती. पांढरा, दाट, कडवट धूर उठला, त्याच्या अंगावर आला, दालनाच्या रिकाम्या हवेत पसरला. ओनोरे खोकत मागे सरला आणि मनात म्हणाला, नाही ओढत. लाकडंच आणली नाहीत तेच बरं झालं. इतक्यात गळ्यातून एक हुंकार आला. धूर थबकला, वळला आणि आत जाऊ लागला, सगळाच्या सगळा, धागा ओढावा तसा. जाळ उभा राहिला. धुराडं गर्जत होतं. ओनोरेनं मान बाहेर काढून वर बघितलं: टोकाच्या तिरक्या दगडापासून धूर फुटत होता आणि वारा त्याला दरीकडे नेत होता, भिंतीकडे एक कणही येत नव्हता. म्हातारा एकटाच हसत होता. हात शेकत तिथे बसून राहिला, कोट भाजायला लागला तेव्हा कुठे हलला.

दरीच्या पलीकडच्या काठावरून मादाम प्युएशनं धूर पाहिला आणि बंबवाल्यांना फोन केला. भोंगा दुसऱ्यांदा वाजला. बंबवाले म्हणजे आमचेच लोक, बेकर आणि दोन शेतकरी. ते कॅफेत बसले होते. आज नवीन माणूस दिसतोय, दोनदा वाजवून बघतोय, असं म्हणून त्यांनी चीज मागवलं. फक्त मिरेय पळत वर आली, रुमाल अजून गळ्यात अडकवलेला. ओनोरे खाली उतरेपर्यंत ती परांचीपाशी उभी राहिली, आणि तो जमिनीवर आला तशी तिनं त्याला मोजून-मापून झाडलं. विमा काढला, पोलीस काढले, वय काढलं. तो मान खाली घालून उभा. शेवटी तिचा श्वास संपला. तिनं वर पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ओढलं का?"

"ओढलं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, धुराचं असेल.

त्या आनंदात दुसरी गोष्ट, त्या कोऱ्या दगडांची, सांगायची राहूनच गेली. गुरुवारी लादी बसली. तेशेरा काम संपवून आपल्या देशी गेला.

ती राहिलेली गोष्ट हिवाळाभर त्याला टोचत राहिली. वसंतात किल्ल्यापाशी नवा रंगीत फलक लागला, त्यावर राजा होता, बैल होता, आणि तिसऱ्या आगटीच्या काळ्या दगडांकडे बघा, असं लिहिलं होतं. ओनोरेनं फलक वाचला आणि कान तापले. म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण.

ऑगस्टच्या जत्रेत भिंतीखाली लांब टेबलं मांडली. बकरा भाजला, बटाट्यात चीज घोटून केलेला आलिगो हातभर तारा काढत ताटात पडत होता. झगा घातलेल्या बेकरनं राजाची गोष्ट सांगितली आणि भाल्यानं वर दाखवलं. सगळ्या माना मागे गेल्या. आगटी तिथे होती, तोंडाभोवती काळी, पिढ्यान् पिढ्या जळल्यासारखी. पाहुण्यांतली एक बाई दुर्बीण लावून म्हणाली, अजून दिसतोय बघा, त्या रात्रीचा जाळ.

ओनोरे उठून उभा राहिला. जोसेतनं टेबलाखालून पाय मारला, तरी बसला नाही. त्यानं सगळं सांगितलं: पांढरा हात, कोरा चुना, धारदार घाव, तिथे कधीच आग नव्हती, तो काळा डाग माझा, गेल्या सप्टेंबरातला. अख्खं टेबल हसलं. प्रेमानंच हसलं. बेकरनं त्याच्या डोक्यावर स्वतःचा मुकुट ठेवला. मिरेयसुद्धा हसत म्हणाली, "दलमासबाबा, तुमचा अर्ध्या तासाचा जाळ मी बघितलाय. त्यानं एवढं काळं होतं होय?"

होतं. ओली वेल आणि घरट्याची लोकर जाळली की एका दुपारीत होतं. पण हे दाखवणार कशानं? दाखवायला जे होतं ते त्यानं स्वतःच्या हातानं जाळलं होतं, आणि वर चुन्यात लादी होती. तो खाली बसला. मुकुट काढून ताटाशेजारी ठेवला. चेहरा एवढासा झाला होता.

"कुणी मानत नाही, जोसेत," तो म्हणाला.

"मी मानते. त्या दिवशी घरी आलास तेव्हा तुझे हात मी धुतले होते, वरपर्यंत शेवाळ होतं." तिनं त्याच्या ताटात आलिगो वाढला, चमच्यानं तार तोडली. "म्हणजे एवढ्या वर्षांत त्या वरच्या दालनात शेकायला बसलेला माणूस एकच. हे सगळे आज त्याचीच जत्रा करतायत. आता तो मुकुट घाल आणि जेव, गार होतंय."

ओनोरेनं वर आगटीकडे एकदा पाहिलं. मग मुकुट उचलला, डोक्यावर नीट बसवला आणि जेवायला लागला.